शिकारी रायफलीत काडतूस अडकणे व पुंगळी न निघणे

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या बोल्ट ॲक्शन (हाताने मागेपुढे सरकवायच्या दांड्याच्या, म्हणजे बोल्टच्या) रायफलीत आढळणारे दोन जोडदोष. पहिल्यात काडतूस मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, नीट चढत नाही. दुसऱ्यात झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमधून सुटत नाही किंवा सुटूनही बाहेर पडत नाही. निशाणेबाजीच्या मैदानावर असा अडथळा आला तर काही गुण जातात. केप बफेलो, हत्ती किंवा सिंह यांच्या शिकारीत अंतर बहुधा शंभर मीटरच्या आत असते आणि जखमी जनावर उलटून येऊ शकते, म्हणून तिथे दुसरी गोळी वेळेवर न चढणे हा जिवावरचा प्रसंग असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्ण बंद केली. त्यामुळे हा विषय आज मुख्यतः टांझानिया, नामिबिया, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका अशा देशांतला आहे.

या रायफलींची मूळ रचना पाउल माउझरच्या १८९८ च्या ॲक्शनची, म्हणजे काडतूस चढवण्या-काढण्याच्या यंत्रणेची, आहे. बोल्ट पुढे सरकताना मॅगझिनमधले वरचे काडतूस ढकलले जाते. मॅगझिनच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना आत वळलेल्या कडा म्हणजे फीड रेल. त्या काडतुसाला ठराविक जागेपर्यंत धरून ठेवतात. गोळीचे टोक चेंबरसमोरच्या उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, वर चढते. त्याच वेळी काडतुसाच्या बुडाची कड बोल्टच्या तोंडावर खालून वर सरकून एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, लांब पट्टीच्या पंज्याखाली जाते. रेल काडतूस सोडतात तेव्हा पंज्याने ते आधीच पकडलेले असते. या पद्धतीला कंट्रोल्ड फीड म्हणतात. पुश फीडमध्ये बोल्ट काडतूस नुसते पुढे लोटतो आणि बोल्ट बंद होताना एक्स्ट्रॅक्टरचा लहान आकडा बुडाच्या खाचेत टचकन बसतो. १९६२ ची रेमिंग्टन ७०० ही याच जातीची. विंचेस्टर मॉडेल ७० ने १९६४ मध्ये कंट्रोल्ड फीड सोडले, पण ग्राहकांची नाराजी इतकी टिकली की १९९० च्या दशकात ते परत आणावे लागले.

तपासणीची पहिली पायरी सुरक्षिततेची. मॅगझिन रिकामे करायचे, चेंबर डोळ्याने बघायचे आणि बोटानेही चाचपायचे, आणि जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची. पुढची सगळी तपासणी खोट्या काडतुसांवर होते. त्यांत दारू नसते, प्राइमर (बुडातली आघाताने पेटणारी टिकली) नसतो, आणि ओळख पटावी म्हणून पुंगळीला आरपार भोक पाडलेले असते. त्यांची लांबी आणि गोळीचा आकार मात्र शिकारीत जी काडतुसे वापरायची त्यांच्यासारखाच हवा. गोल टोकाच्या गोळीवर लोण्यासारखी चालणारी रायफल चपट्या टोकाच्या सॉलिड (न फुलणाऱ्या) गोळीवर अडखळते, आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या तयार खोट्या काडतुसांवरून (स्नॅप कॅप) हे कधीच कळत नाही.

मग दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे. मेणबत्तीची काजळी रॅम्पवर आणि रेलच्या आतल्या बाजूला धरायची, किंवा खोट्या काडतुसाला मार्कर पेनची शाई फासायची, आणि बोल्ट अगदी सावकाश पुढे न्यायचा. जिथे काजळी खरवडली जाते तिथे काडतूस घासते. रॅम्पच्या खालच्या कडेवर गोळीच्या टोकाचा गोल ठसा दिसला तर काडतूस नाक खाली घालून चालले आहे. चेंबरच्या तोंडाच्या वरच्या कडेवर ठसा दिसला तर ते फार लवकर सुटून वर उसळते आहे. हे केल्याशिवाय कानस हातात घेऊ नये. घासलेले पोलाद परत येत नाही. रेल एकदा रुंद झाले की काडतूस मॅगझिनमधून टुणकन बाहेर उडते, आणि मग उपाय वेल्डिंगचा किंवा नव्या रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचा, उरतो.

रायफलीकडे वळण्याआधी हाताकडे बघावे. बोल्ट पुरता मागे न ओढणे हे अडथळ्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचे काडतूस ९१.४ मि.मी. लांब असते आणि .४१६ रिग्बीचे ९५.३ मि.मी.; .३०-०६ चे जास्तीत जास्त ८४.८. छोट्या रायफलीची सवय असलेला हात घाईत बोल्ट सेंटिमीटरभर अलीकडेच थांबवतो. पुंगळी ती बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरपर्यंत पोहोचत नाही, किंवा बोल्टचे तोंड पुढच्या काडतुसाच्या बुडामागे येत नाही आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. पुश फीडमध्ये याहून वाईट प्रकार घडतो. बोल्ट अर्धवट पुढे नेऊन परत मागे ओढला तर पहिले काडतूस चेंबरमध्येच राहते आणि दुसऱ्याचे टोक त्याच्या बुडावर आपटते. तिथे प्राइमर आहे हे लक्षात घेतले की यातला धोका कळतो. यावर उपाय एकच: रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट थांब्यावर आदळेपर्यंत जोराने मागे ओढण्याचा सराव, खोट्या काडतुसांवर, रोज.

हात बरोबर असेल तर मॅगझिन तपासावे. माउझरने पेटीची रुंदी काडतुसावरून ठरवली होती. दोन रांगांत तिरपी रचलेली काडतुसे एकमेकांना साठ अंशांत टेकली पाहिजेत, म्हणून बुडाचा व्यास गुणिले १.८६६ एवढी आतली रुंदी लागते. ७.९२ मि.मी. माउझर काडतुसाला ती सुमारे २२.३ मि.मी. येते, .३७५ ला २५.२ आणि .४१६ रिग्बीला २७.९. पेटी अरुंद असेल तर काडतुसे एकावर एक उभी चढून पाचर बसते. रुंद असेल तर वरचे काडतूस रेलखाली सैल पडते. लष्करी रायफलीचे रूपांतर मॅग्नममध्ये केलेले असते तिथे हा दोष हमखास सापडतो. अशा रूपांतरात लांबी मिळवण्यासाठी रॅम्प मागून पुढे खोदलेला असतो. बोल्ट बंद धरून ठेवणाऱ्या खालच्या खुंट्याची, म्हणजे लॉकिंग लगची, टेकण तिथेच असल्याने हे खोदकाम फार खोल असेल तर ती रायफल दुरुस्त करण्याऐवजी बाजूला ठेवलेली बरी.

मॅगझिनची स्प्रिंग थकली की शेवटची दोन काडतुसे आळशासारखी वर येतात आणि वेगाने फिरणारा बोल्ट त्यांच्यावरून निघून जातो. सावकाश चालवल्यास सगळे ठीक आणि झपाट्याने चालवल्यास चुकते, ही या दोषाची खूण. साफसफाईनंतर स्प्रिंग उलटी बसवली तरी असेच घडते, कारण तिचे एक टोक अरुंद असते आणि ते काडतुसांना खालून उचलणाऱ्या फॉलोअरच्या बाजूला यावे लागते. पहिली काडतुसे नीट चढून फक्त शेवटचे उसळत असेल तर दोष फॉलोअरच्या उंचवट्यात असतो. दस्ताही विसरू नये. लाकूड पावसाळी हवेत फुगते. नवा दस्ता बसवताना पेटी किंचित तिरकी बसली किंवा रिसीव्हर आणि तळपट्टी यांच्यात चिमटली गेली, तर काल चालणारी रायफल आज अडखळते. स्क्रू घट्ट केल्यावर पेटी अगदी थोडी खालीवर हलली पाहिजे.

काडतूस चेंबरपाशी पोहोचून बोल्ट शेवटच्या टप्प्यात जड जात असेल तर पंज्याचा ताण बघावा. बोल्ट बाहेर काढून एक रिकामी पुंगळी खालून अंगठ्याने पंज्याखाली सरकवावी. ती बेताच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि बोल्ट आडवा धरून हलका हलवला तरी पडता कामा नये. जोर लावावा लागला तर ताण जास्त, किंवा पंज्याच्या खालच्या कोपऱ्याला धार राहिली आहे. घसरून पडली तर पट्टी सैल आहे, किंवा पंज्यामागे जुने तेल आणि पितळेचा चुरा साचला आहे. माउझर पद्धतीच्या रायफलीत काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट दामटू नये. पंज्याला कडेवरून उडी मारायला जागा ठेवलेली नसेल तर तो तुटतो. काडतूस मॅगझिनमध्ये दाबूनच भरावे.

पुंगळी चेंबरला चिकटून बसते तेव्हा बहुतेक वेळा एक्स्ट्रॅक्टर निर्दोष असतो. चेंबरमधली धूळ, गंज, तेलाचा थर किंवा वाढलेला दाब ही खरी कारणे. बोल्टची मूठ उचलतानाच जड जाणे, प्राइमर चपटा होणे, बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उठणे ही दाबाची लक्षणे आहेत. ती दिसली की झाडणे थांबवावे. जुन्या इंग्लिश काडतुसांतली कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढे. १९११ च्या .४१६ रिग्बीची प्रशस्त पुंगळी उष्ण मुलखातही दाब आटोक्यात राहावा अशीच बेतलेली आहे. १९१२ च्या .३७५ चा लांब निमुळता आकार चढायलाही सोपा आणि सुटायलाही. मूठ मारून बोल्ट उघडण्याने पुंगळीची कड फाटते. मग नळीच्या तोंडाकडून सफाईची सळई घालूनच पुंगळी ठोकून काढावी लागते.

सुटलेली पुंगळी बाहेर पडत नसेल तर इजेक्टर कोणत्या जातीचा ते पाहावे. माउझरच्या इजेक्टरचे पाते बोल्टला मागे अडवणाऱ्या थांब्याच्या (बोल्ट स्टॉपच्या) पेटीत असते आणि बोल्ट मागे आला की डाव्या लगच्या खाचेतून पुढे येते. त्याची स्प्रिंग मोडली किंवा खाचेत घाण भरली तर पुंगळी बोल्टच्या तोंडावर तशीच राहते. पाते स्थिर असल्याने पुंगळी किती दूर उडेल ते बोल्टच्या वेगावर ठरते. सावकाश ओढल्यावर ती शेजारी टपकते, हा दोष नव्हे. पुश फीडमध्ये बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगवरची छोटी कांडी असते. लाकडी काडीने ती दाबून सोडावी. लगेच उसळली नाही तर भोकात गोंद झालेले तेल आहे. पुंगळी उडते पण परत आत पडते तेव्हा दुर्बिणीकडे बघावे. खाली बसवलेल्या दुर्बिणीच्या बाजूच्या खुंटीवर पितळेचा पिवळा ओरखडा दिसला की गुन्हेगार सापडला. शेवटी एक चाचणी जी बरेच जण विसरतात: पूर्ण लांबीचे खोटे काडतूस बाहेर पडते का? रिकामी पुंगळी आखूड असते, म्हणून ती सुटते आणि न झाडलेले काडतूस खिडकीच्या, म्हणजे रिसीव्हरमधल्या बाहेर पडायच्या जागेच्या, पुढच्या कडेत अडकते.

काही दोष टेबलावर दिसतच नाहीत. १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसाच्या धक्क्याने मॅगझिनमधली उरलेली काडतुसे पेटीच्या पुढच्या भिंतीवर आदळतात. मऊ टोके चपटी होतात, आणि पुंगळीचे तोंड गोळीभोवती नीट आवळलेले नसेल तर गोळी आत ढकलली जाते. तळपट्टीचा खटका कमजोर असेल तर ती उघडून सगळी काडतुसे पायाशी सांडतात. म्हणून शेवटची परीक्षा मैदानावर, भरलेल्या मॅगझिनने, जिवंत काडतुसांवर घ्यावी लागते.

महाराष्ट्रात परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या .३१५ बोल्ट रायफलीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातल्या या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट कितीही रेटला तरी वरचे काडतूस हलत नाही. प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे ठेवून भरणे एवढाच यावर उपाय आहे. मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर ते पक्कडीने घरी वाकवू नयेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच रायफल न्यावी, आणि सोबत दोन खोटी काडतुसे द्यावीत.