आणेवारीची बातमी मागे कशी पडली

1896 च्या दुष्काळात ‘केसरी’ने सरकारचा फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली, शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत उलगडून सांगितला. पीक बुडालं तर शेतसाऱ्यात सूट मागणं हा तुमचा हक्क आहे, घरदार विकून सारा भरू नका. सार्वजनिक सभेची माणसंही हेच गावोगाव समजावत फिरली. कारभाराची झडती घेणारी राजकीय पत्रकारिता आपल्याकडे अशी जुनी आहे.

1980 च्या दशकात प्रणय रॉय यांच्यासारख्यांनी जनमत चाचण्या नियतकालिकांत आणि मग टीव्हीवर आणल्या. लोकांचा कल मोजण्यात गैर काही नव्हतं. पुढे 24 तासांच्या वाहिन्या आल्या, 2007 पासून मराठीतही, आणि एवढा वेळ रोज भरायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. तालुक्याला बातमीदार धाडून आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, आणि पंचनामे तपासायचे तर दिवस जातात, पैसा जातो. ‘कोण पुढे, कोण नाराज’ यावर चार पाहुणे बसवले की तासभर निघतो. आकडे चुकले तरी हा धंदा थांबत नाही. 1 जून 2024 च्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला 350 च्या वर जागा दिल्या, मिळाल्या 293. तरी पुढच्या निवडणुकीला तेच तक्ते पुन्हा पडद्यावर होते.

याची किंमत मला 2019 मध्ये सगळ्यात स्पष्ट दिसली. ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने कापणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं, शेंगांना कोंब फुटले. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. चारच दिवसांनी राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी 8,000 आणि फळबागांसाठी 18,000 रुपयांची मदत जाहीर केली, तीही दोन हेक्टरपर्यंतच. एवढ्यात पिकाचा खर्च तरी निघतो का, हे बांधावर जाऊन विचारायला हवं होतं. कॅमेरे मात्र आमदारांच्या हॉटेलांबाहेर होते. 23 नोव्हेंबरचा ‘पहाटेचा शपथविधी’ आज सगळ्यांना आठवतो, ते 8,000 रुपये ज्यांच्या वाट्याला आले त्यांनाच आठवतात.

2022 लाही तेच. 30 जूनच्या शपथविधीनंतर 9 ऑगस्टपर्यंत राज्याचं मंत्रिमंडळ दोनच माणसांचं होतं. त्याच जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली. कुणाला कोणतं खातं मिळणार यावर रोज संध्याकाळी चर्चा रंगल्या. पालकमंत्री नेमले गेले सप्टेंबरच्या अखेरीस. तोवर त्या जिल्ह्यांतल्या पंचनाम्यांवर कुणाची देखरेख होती, हे विचारणारे बातमीदार होते, पण त्यांच्या बातम्या आतल्या पानांवर, एका कॉलमात आल्या.