सावरत राहण्यातली शांतता

पावसाची सर येऊन गेली आहे, रस्ता वाळत आलाय, आणि एक सायकल डबक्यातून पुढे गेली. काही मीटरपर्यंत तिच्या चाकांचे ओले माग उमटतात. नीट पाहिलं तर ते दोन असतात. मागच्या चाकाची रेघ बऱ्यापैकी सरळ. पुढच्या चाकाची मात्र नागमोडी, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने मागच्या रेघेला ओलांडत जाणारी. चालवणाऱ्याला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की मी नाकासमोर सरळ गेलो.

तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच कळलेलं नसतं. त्या रेघेचं प्रत्येक वळण म्हणजे एकेक टळलेलं पडणं. दोन चाकांवरची सायकल सारखी डावीकडे नाहीतर उजवीकडे कलत असते. ज्या बाजूला ती कलते त्याच बाजूला पुढचं चाक वळतं आणि टेकू पुन्हा अंगाखाली येतो. तळहातावर काठी उभी तोलताना आपण हात काठीच्या कलाकडे नेतो, तसंच. फरक एवढाच, की काठी तोलताना सगळं लक्ष काठीवर असतं. सायकल तोलताना आपण शिट्टी वाजवत असतो.

सायकलवर मिळणाऱ्या मोकळेपणाबद्दल आणि निवांतपणाबद्दल पुष्कळ हळवं लिहिलं जातं. माझ्या मते त्या दोन्हींचं मूळ हळवेपणात शोधण्याआधी या नकळत चाललेल्या सावरण्यात शोधावं.

एक छोटा प्रयोग करून बघा. हँडलला हात न लावता सायकल फक्त सीटला धरून उभी करा आणि हळूच डावीकडे कलवा. हँडल आपणहून डावीकडे वळेल. उजवीकडे कलवा, उजवीकडे वळेल. कारण सायकलच्या बांधणीतच आहे. हँडल ज्या तिरप्या दांड्याभोवती फिरतं, त्याची रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवली, तर पुढचं चाक जिथे टेकतं त्याच्या काही सेंटिमीटर पुढे ती जमिनीला भिडते. चाक असं मागे पडल्यामुळे सायकल कलली की ते त्याच बाजूला वळतं. म्हणजे सावरण्याचा निम्मा धडा यंत्राला आधीच पाठ असतो.

यात कशाचा वाटा किती, हा वाद मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. फिरतं चाक भोवऱ्यासारखं आपला अक्ष सोडायला तयार नसतं, त्यामुळेच सायकल उभी राहते, असं उत्तर बरीच वर्षं दिलं जाई. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने ते तपासून पाहिलं. त्याने पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक बसवलं आणि ते उलट्या दिशेने फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम पुसला जावा. अशी सायकल नुसती ढकलून सोडली की लवकर कोसळे. पण जोन्स स्वतः बसला की ती बिनतक्रार चाले. पुढे २००७ साली चार संशोधकांनी सायकलचं तपशीलवार गणित मांडलं. त्यात वजनं, अंतरं, कोन अशा २५ राशी आहेत. त्यांनी नमुना म्हणून घेतलेली सायकल साधारण ताशी १५ ते २२ किलोमीटर या वेगात हँडलला कुणी हात न लावताही स्वतःला सावरत पुढे जाते, असं त्या गणितातून निघालं. २०११ साली तर अशी सायकल बनवली गेली की जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नाही आणि चाक मागे टेकण्याचा फायदाही नाही. तरी ती सावरली. तेव्हा एका वाक्यातलं उत्तर मागणाऱ्यांनी हा नाद सोडलेला बरा.

आता माणूस सीटवर बसवू. उजवीकडे वळायचं असेल तर तो काय करतो? हँडल उजवीकडे फिरवतो, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगेल. प्रत्यक्षात तो आधी हँडल किंचित डावीकडे ढकलतो. त्याने चाकं अंगाखालून डावीकडे सरकतात, शरीर उजवीकडे कलतं, आणि मग हँडल उजवीकडे येतं. विमान बनवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरच्या हे ध्यानात आलं होतं, आणि सायकल चालवणाऱ्यांनाच ते माहीत नसतं हेही.

मग हे माहीत असतं कुणाला? कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोलाकार नळ्या आहेत. डोकं जरा फिरलं की त्यातला द्रव मागे रेंगाळतो आणि तिथल्या सूक्ष्म केसांना वाक येतो. ही खबर, स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर आणि डोळ्यांची खबर एकत्र होते ती मुख्यतः मेंदूच्या तळाशी. तिथेच डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू आहे. नाव लहान, वजन सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज एकट्या त्याच्यात असतात. हालचाल ठरल्याप्रमाणे होतेय का हे पाहायचं, चूक दिसली की पुढच्या वेळी ती कमी करायची, आणि या सगळ्याचा गवगवा वरच्या मजल्यावर, म्हणजे आपल्या जाणिवेपर्यंत, पोहोचू द्यायचा नाही, असा त्याचा कारभार.

हा कारभार किती मुरलेला असतो ते डेस्टिन सँडलिन या अमेरिकी अभियंत्याने गमतीने दाखवलं. त्याने हँडल उलटं जोडलेली सायकल चालवायला घेतली: डावीकडे फिरवलं की चाक उजवीकडे. नियम कळायला एक सेकंद पुरतो. सायकल जमायला त्याला आठ महिने लागले. कळणं आणि जमणं यांचे हिशेब मेंदूत वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात, याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही. आणखी एक उदाहरण वैद्यकातलं. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी पार्किन्सन या मेंदूच्या आजाराच्या ५८ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. चालायला लागला की त्याचे पाय जमिनीला खिळून जात, काही पावलांत तो पडे. त्याच माणसाला सायकलवर बसवलं तर तो सफाईने फेरी मारून, वळून परत येई. उतरला की पाय पुन्हा खिळलेले. पायडलची ठरावीक लय त्याच्या पायांना बाहेरून ताल देत असावी, किंवा सायकलचं काम मेंदूतल्या वेगळ्या वाटांनी होत असावं, असं त्या डॉक्टरांना वाटलं.

आता शांततेकडे. डोक्यात एखादा भुंगा शिरला की तो बसून राहिल्याने जात नाही, उलट स्वस्थ बसलं की जास्तच गुणगुणतो. मेंदू रिकामा असला की तो स्वतःबद्दल विचार करत सुटतो: काय बोललो, काय बोलायला हवं होतं, उद्या काय होईल. सायकल त्याला रिकामं ठेवत नाही आणि पुरतं जुंपतही नाही. तोलाचं काम खाली परस्पर चाललेलं असतं. वरच्या मजल्याकडे उरतं ते एवढंच, की पुढे खड्डा आहे, तिथे वळण आहे, कुत्रं रस्ता ओलांडायच्या बेतात आहे. ही कामं बारकी, सोपी आणि आत्ताची. प्रत्येकाचा निकाल दोन सेकंदांत लागतो आणि मागे काही शिल्लक राहत नाही. भुंग्याला लागते ती सलग फुरसत. ती त्याला मिळत नाही.

डोळ्यांचंही तसंच. पुढे जाताना सगळं दृश्य समोरच्या एका बिंदूपासून उमलत दोन्ही कडांनी मागे वाहत जातं. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० साली या प्रवाहाचं महत्त्व मांडलं: आपण कुठे आणि किती वेगाने चाललोय हे मेंदू त्यावरून ओळखतो. त्यासाठी एकेका वस्तूवर नजर रोवावी लागत नाही. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्यात खुपसून ठेवलेल्या डोळ्यांना हा बदल किती मोठा असतो, हे वेगळं सांगायला नको.

शरीराच्या रसायनशास्त्राचा भाग मी मुद्दाम उशिरा आणला, कारण त्याचा बोलबाला गरजेपेक्षा जास्त झालाय. व्यायाम केला की ‘एंडॉर्फिन’ सुटतात आणि म्हणून बरं वाटतं, हे वाक्य आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. अडचण अशी, की रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूभोवतीची चाळणी सहजी ओलांडत नाही. आनंदामाइड नावाचा स्निग्ध रेणू मात्र ओलांडतो. २००३ साली काही तरुणांना ५० मिनिटं पळायला किंवा जागेवरची सायकल चालवायला लावून त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात आनंदामाइड वाढलेलं आढळलं. पण त्या तरुणांच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ७० ते ८० टक्क्यांवर नेले होते, म्हणजे चांगला घाम काढला होता. रमतगमत निघालेल्या माणसाला तर दहाव्या मिनिटालाच हलकं वाटायला लागतं. रसायनं आपलं काम करत असतीलही, पण त्या दहा मिनिटांचा हिशेब मला तोल आणि लक्ष यांच्याच खात्यावर टाकावासा वाटतो.

मोकळेपणाचं गणित वेगळं आणि बरंचसं रोकडं आहे. चालताना दर पावलाला आपण सगळं शरीर काही सेंटिमीटर वर उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो, शिवाय पाय दरवेळी पुढे फेकून थांबवतो. सायकलवर वजन सीटने पेललेलं असतं, पाय नुसते गोल फिरतात. त्यामुळे सपाट रस्त्यावर तेवढंच अंतर जायला चालण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी ऊर्जा लागते. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील तर पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल पाच मीटर जाते. पायांच्या तेवढ्याच दोन हालचालींत, म्हणजे दोन पावलांत, चालणारा दीड मीटर सरकतो. आणि पाय थांबवले तरी सायकल पुढे जातच राहते, मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येत. चालणाऱ्याला ही चैन नाही.

याचा परिणाम नकाशावर पाहावा. तासाभरात चालणारा पाच किलोमीटर जातो, सायकलवाला निवांत पंधरा. त्रिज्या तिप्पट, पण त्या वर्तुळातलं क्षेत्रफळ नऊपट. इंधन नको, वेळापत्रक नको, कुणाची परवानगी नको. हा शेवटचा मुद्दा ज्यांना सर्वांत जास्त कळला त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकलवर बसलेल्या स्त्रिया. एकसारख्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘सेफ्टी’ सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी यशस्वी केली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर चढणं हेच दिव्य होतं. १८९६ साली अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी एका मुलाखतीत म्हणाल्या, की स्त्रियांच्या मुक्तीसाठी जगात सायकलइतकं दुसऱ्या कशानेही केलेलं नाही. तेव्हा त्या ७५ वर्षांच्या होत्या आणि अर्धं आयुष्य सभा, अर्ज, खटले यांत घालवलेल्या. उगीच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

या मोकळेपणाला एक आतली बाजूही आहे. आपल्या कृतीचा परिणाम जितका लगेच जाणवतो तितकी ‘हे मी केलं’ ही भावना पक्की होते. चांगली तेल दिलेली साखळी पायांची ताकद ९५ टक्क्यांहून जास्त प्रमाणात चाकापर्यंत पोचवते, तीही त्याच क्षणी. पाय दाबला की रस्ता मागे पळतो. मोटारीत हे नातं इंजिन आणि काच यांच्या पलीकडे राहतं.

पण वेग वाढवला की मोकळेपणा वाढतो, असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सरळ बसून साध्या सायकलवर ताशी १५ किलोमीटर जायला साधारण ५० वॅट पुरतात. ३० ने जायला सुमारे २५० लागतात. दुप्पट वेगाला पाचपट दाम. याउलट अगदी सावकाश गेलं तर यंत्राचं सावरणं लुळं पडतं, हँडल झोकांड्या खातं आणि तोलाचं काम पुन्हा वरच्या मजल्यावर येतं. मधला, ताशी १५ ते २० चा पट्टा असा की जिथे सायकल आपणहून बरीच सावरते, हवा अजून अंगावर आलेली नसते आणि श्वास बोलण्याइतका शाबूत असतो. लोक मजेत चालवतात तेव्हा याच पट्ट्याच्या आसपास रेंगाळतात. तो कुणी आखून दिलेला नाही, गणित आणि पाय दोघं आपापल्या वाटेने तिथे पोचतात, याचं मला कौतुक वाटतं.

मागून ट्रक आला की मात्र सगळंच बिघडतं. तोल तोच, वेग तोच, पण लक्ष पाठीमागे अडकतं, खांदे आवळतात, हातांची पकड घट्ट होते आणि आवळलेल्या हातांना हँडलच्या बारीक हालचाली जमत नाहीत. सायकलींसाठी वेगळी वाट हवी या मागणीत अपघातांचा मुद्दा पहिला असतोच. दुसरा हा आहे, आणि तो क्वचितच कुणी मांडतं.

राहता राहिली व्यायामशाळेतली जागेवरची सायकल. २००३ चा प्रयोग तिच्यावरही झाला होता, तेव्हा आनंदामाइड तिथेही मिळतं. हृदयाला, फुप्फुसांना, मांड्यांना फायदा पुरेपूर. फक्त ती पडू शकत नाही, त्यामुळे सावरावीही लागत नाही. दृश्य वाहत नाही, खड्डा येत नाही, कुत्रं आडवं जात नाही. वरचा मजला मोकळाच. बहुधा म्हणूनच अशा सायकलींसमोर हटकून एक टीव्ही टांगलेला असतो.