तालीम (कुस्ती)

कुस्ती शिकण्याची जागा आणि तिथली एकंदर राहणी. महाराष्ट्रात ही परंपरा विशेष फुलली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तिथल्या नावाजलेल्या तालमी.

तालमीचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती फावड्याने उकरून भुसभुशीत करायची, हे पहिले काम. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. माती घट्ट राहिली तर पडणाऱ्याचे अंग सोलवटते. या कामाला अंग चोरणारे पोर वस्तादांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. मग मारुतीला नमस्कार, जोर, बैठका आणि लढती. लढतीत जुना पैलवान आपली ताकद आवरून नवख्याला खेळवतो. ढाक किंवा एकलंगी असा डाव त्याला मारू देतो, पकड चुकली की तिथेच थांबवून हात कुठे हवा ते दाखवतो. माणूस घडण्याच्या दृष्टीने मैदानातल्या जंगी कुस्तीपेक्षा रोजचे हे पडणे-उठणेच मोलाचे मानावे लागते. चारचौघांसमोर पाठ टेकण्याची लाज इथे लवकर जाते, आणि जोर कुठे लावायचा नाही हेही कळते.

खेड्यांतून आलेली मुले बहुधा तालमीतच मुक्कामाला असतात. स्वयंपाक, झाडलोट, थोरल्या पैलवानांचे अंग रगडणे हे त्यांच्याकडे. व्यसनबंदी आणि ब्रह्मचर्याचा दंडक सर्वांना. या शिस्तीचे गोडवे पुष्कळ गायले जातात, पण दूध, तूप, बदामाच्या थंडाईचा खुराक पुरवताना घरचे मेटाकुटीला येतात, आणि अंग थकल्यावर पैलवानाने करायचे काय, याची सोय तालीम करत नाही. मुलींना तर जुन्या तालमींची दारे दीर्घकाळ बंदच होती. जातिधर्माच्या बाबतीत मात्र हौदा बराच मोकळा राहिला. कोल्हापुरात एकाच तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही. बाबूजमाल तालीम त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर (मॅटवर) उतरले तेव्हा तो खेळ त्यांना नवखा होता. तरी ते सहावे आले. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता मोठ्या तालमींत हौद्याबरोबर गादीही असते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग असून किताबासाठी दोन्हींचे विजेते एकमेकांशी लढतात.