धरण पाझरतंय की गळतंय?

मागच्या श्रावणात सकाळी सकाळी गावाहून चुलत्यांचा फोन आला. मी ठाण्यात, ऑफिसला निघायच्या घाईत. "आपलं धरण गळतंय रे. मागच्या अंगाला पाणी आलंय." मुरबाड तालुक्यात आमचं गाव, आणि गावाच्या वर ओढ्यावर मातीचं एक लहान धरण. तिवऱ्यानंतर असं काही कानावर आलं की पोटात गोळा येतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

मी काकांना आधी एवढंच विचारलं, "पाणी नितळ आहे की गढूळ?"

पाझर आणि गळती हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. गावात तर मागे ओल दिसली तरी "धरण गळतंय" म्हणतात. पण मातीचं धरण पाझरतंच. भरावाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण. गाभ्यातून पाणी झिरपतं, पण फार सावकाश, आणि त्याची पातळी उतरत उतरत मागच्या पायथ्याशी येते. तिथे दगडांचा रचलेला पायथा असतो, इंजिनियर त्याला रॉक टो म्हणतात. त्याच्या आत वाळू आणि खडीचे थर असतात. या थरांचं काम गाळणीचं: पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. म्हणून पाझराचं पाणी नितळ येतं. जलाशय भरला की वाढतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कमी होतं. पायथ्याच्या चरातून ते शांतपणे वाहत असेल, तर भरावाच्या आतला निचरा नीट चाललाय असं समजायचं.

मला तर एखाद्या वर्षी धरण काठोकाठ भरलेलं असताना हा चर अचानक कोरडा पडला, तरच जास्त काळजी वाटेल. पाणी थांबलेलं नसतं, त्याने दुसरी वाट धरलेली असते.

गळतीत पाण्याबरोबर माती निघते. सुरुवात बहुतेक वेळा मागच्या बाजूने होते. पाणी जिथे बाहेर पडतं तिथले चार कण सुटतात, मग त्यांच्या मागचे, आणि ते भोक उलटं, जलाशयाच्या दिशेने सरकत जातं. भोक रुंदावलं की पाण्याला जोर येतो, जोर वाढला की आणखी माती सुटते. अमेरिकेतलं टेटन धरण तब्बल ९३ मीटर उंच होतं. ५ जून १९७६ ला सकाळी तिथे गढूळ पाणी दिसलं. भोक बुजवायला गेलेले दोन बुलडोझर त्याच भोकात गेले, आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

म्हणून पाणी किती येतंय यावर जाऊ नका. मनगटाएवढी नितळ धार, ती अचानक वाढत नसेल तर, एक वेळ चालेल, पण करंगळीएवढी गढूळ धार अजिबात चालणार नाही.

पावसाळ्यात ओळखणं अवघड होतं, कारण उतारावरून येणारं पावसाचं पाणीही मातकटच असतं. पाऊस एक-दोन दिवस उघडला की बघावं. काकांना मी प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून ओट्यावर तासभर न हलवता ठेवायला सांगितलं. तळाशी माती बसली की नाही, ते बघायचं. त्यांनी फोटो पाठवला. पाणी स्वच्छ होतं, पण तळाशी तांबूस, बुळबुळीत साय. हीसुद्धा फसवते. ती माती नसते, पाण्यातल्या लोहामुळे धरलेली असते. बोटांत चोळली तर चिखलासारखी खरखर लागत नाही. त्याने धरण फुटत नाही, मात्र निचऱ्याची तोंडं तुंबू शकतात, तेव्हा ती साफ ठेवावीत.

गळती सहसा कुठेही सुरू होत नाही, तिच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. सर्वात नाजूक जागा म्हणजे पाणी सोडायचा नळ भरावातून जातो तिथे, कारण नळालगतची माती दाबून बसवणं कठीण असतं. दुसरी, सांडव्याची, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेची, दगडी भिंत आणि मातीचा भराव यांचा सांधा. तिसरी, भरावावर वाढलेली झाडं: झाड मेलं की मुळं कुजतात आणि आत पोकळी उरते. तिवऱ्यानंतर खेकड्यांवर बरीच चर्चा झाली. खेकडे, घुशी भरावात बिळं करतात हे खरंच आहे. पण ती बिळं वेळेत दिसावीत म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर भरावावरून कुणीतरी चालायचं असतं. आमच्या धरणावर घाणेरीचं इतकं रान माजलं होतं की पायथा दिसतच नव्हता. कार्यालयात दोन अर्ज देऊनही ते कुणी काढलं नाही, शेवटी गावाने काढलं.

भातसा, बारवी अशा मोठ्या धरणांवर देखरेखीला माणसं असतात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याहून लहान धरणावर पहिली नजर गावाचीच.

गढूळ धार दिसलीच तर मागच्या बाजूने चिखल किंवा माती ठोसून भोक बंद करू नका. आत दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. पाणी वाहू द्यायचं, माती तेवढी अडवायची: आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. जाणकार माणूस येईपर्यंत तेवढंच. नळ उघडून जलाशय उतरवायचा की नाही, हे तोच ठरवेल. धार वाढत असेल किंवा माथा खचलेला, चिरलेला दिसत असेल, तर भरावावर थांबूच नका. ओढ्याकाठची घरं रिकामी करा आणि जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा.

काका आता दर रविवारी एक बाटली भरतात. तारखेची चिठ्ठी लावून ओट्यावर ओळीने ठेवतात, आणि त्या दिवशी पाणी सांडव्याच्या कितव्या दगडाला होतं तेही चिठ्ठीवर लिहितात.