पेन्सिलीच्या नाकातला चिमटा

परवा सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा एकदा आला. ‘अंतराळात लिहिणारा पेन बनवायला अमेरिकेने कोट्यवधी डॉलर उडवले, रशियाने साधी पेन्सिल वापरली!’ वर गुलाबाचं फूल, खाली जोडलेले हात. पाठवणारे आमचे थोरले काका, त्यामुळे तिथे उलट उत्तर देण्याची सोय नाही. म्हणून इथे लिहितो.

गंमत अशी की नासानेही आधी पेन्सिलीच घेतल्या होत्या. त्याही लाकडी नव्हे, खटका दाबला की लीड पुढे येते तशा. १९६५ साली ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून अशा ३४ पेन्सिली घेतल्या आणि बिल झालं ४,३८२ डॉलर ५० सेंट. भागाकार करा, नगाला जवळजवळ १२९ डॉलर. त्यावरून अमेरिकेत चांगलीच ओरड झाली. अंतराळातला पेन बनवला तो पॉल फिशर या पेन बनवणाऱ्या गृहस्थाने, स्वतःच्या कंपनीचे साधारण दहा लाख डॉलर घालून. नासाने पुढे त्याच्याकडून ४०० पेन विकत घेतले. आणि १९६९ मध्ये रशियानेही १०० घेतले! काकांच्या मेसेजमधला तो हुशार रशिया शेवटी पेनवरच आला.

पेन्सिल का नको झाली? कारण लीड तुटते. वजन जाणवत नाही तिथे तुटलेला तुकडा खाली पडत नाही, हवेत तरंगत राहतो. डोळ्यात जाऊ शकतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे यंत्राच्या फटीत शिरला तर शॉर्ट सर्किटची भीती. लाकडी पेन्सिल तर पेटणारी वस्तू. १९६७ मध्ये अपोलो १ या यानात लागलेल्या आगीनंतर पेटणारं काहीही यानात नको, यावर वाद उरला नाही.

अंतराळवीरांचं हे दुःख आणि माझ्या भाच्याचं दुःख एकच आहे. तो नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेची तयारी चालली आहे आणि दर पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून आवाज येतो, ‘सारखी तुटून राहिली ना मामा!’ मी इंजिनिअरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवतो. त्यामुळे पेन्सिलीची तक्रार आली की ती माझ्याच टेबलावर येते.

शनिवारी त्याला घेऊन नागपूरच्या बर्डीवर, बाजारात गेलो. दुकानदाराने काचेवर ट्रे पालथा केला. चार मिलिमीटर लांब नळीच्या ड्राफ्टिंगवाल्या, रबरी मुठीच्या, हलवल्या की लीड पुढे येणाऱ्या, आणि एक तर ‘कधीच न तुटणारी’ असं पाकिटावर छापलेली. भाच्याचा हात सरळ काळ्या, धातूच्या, जड पेन्सिलीकडे गेला. दुकानदार मला म्हणाला, ‘सर, पॉईंट सेव्हन घेऊन टाका. पोरं पॉईंट फाइव्ह नेतात अन् दोन दिवसांनी भांडायला येतात.’ ‘कधीच न तुटणारी’ मी मागे एकदा घेऊन बसलो आहे. पहिल्या ओळीत तुटली. कंपनीचं नाव सांगत नाही, पण पाकीट जपून ठेवलं आहे.

दुकानदाराचा सल्ला अनुभवाचा होता. त्यामागचं गणित मात्र भारी आहे. बाहेर आलेली लीड म्हणजे एका टोकाला भिंतीत पुरलेली तुळई, आपल्या गॅलरीच्या सज्जासारखी. कागद तिच्या मोकळ्या टोकाला ढकलतो आणि ती नळीच्या तोंडाशी मोडते. तिथे पडणारा ताण बाहेर आलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. घन! म्हणजे ०.५ मिलिमीटर व्यासाच्या लीडऐवजी ०.७ ची घेतली तर ताकद दीडपट नाही, ०.७ भागिले ०.५ चा घन, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात ०.५ ची म्हणून विकतात ती लीड साधारण ०.५६ मिलिमीटर जाड असते आणि ०.७ ची खरोखरच ०.७ च्या आसपास. त्यामुळे खरा फरक दुपटीच्या जवळ येतो. ०.३ वालीही छापल्यापेक्षा जाड, साधारण ०.३८ असते, तरी ०.५ च्या तुलनेत तिच्यात जेमतेम तिसरा हिस्सा जीव असतो. ती नकाशे काढणाऱ्यांनी आणि संतांनी वापरावी. नागपूरच्या जुलैत, कागद दमट होऊन मऊ पडला की ०.३ लिहीत नाही, नांगरते.

लांबीचं गणित आणखी सोपं. दोन खटक्यांऐवजी चार खटके दाबून लिहिलं की ताण दुप्पट. भाचा सहा दाबतो. शिवाय पेन्सिल आडवी धरतो. पेन्सिल जितकी उभी, तितका कागदाचा दाब लीडच्या लांबीतून सरळ वर जातो. आडवी केली की तोच दाब तिला वाकवायला लागतो.

पण हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा लीड मागून घट्ट धरलेली असते. पेन्सिलीतली माझी सगळ्यात आवडती वस्तू इथेच आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. घरी आल्यावर जुनी पेन्सिल जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र अंथरून उघडली. पुढचं टोक फिरवून काढलं. आत लांब नळी, लीडचा साठा तिच्यात. नळीच्या खालच्या टोकाला एक चिमुकलं पितळी डोकं, लांबून तीन फाकांमध्ये चिरलेलं, उमलायला आलेल्या कळीसारखं. हा क्लच. त्याच्याभोवती पितळेचं एक सैल कडं, मुगाच्या दाण्याएवढं. मागे स्प्रिंग. बस्स, एवढंच यंत्र. आमच्या शेजारचे काका हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर होते. भिंग लावून बघितल्यावर म्हणाले, ‘हे तर आमचं कॉलेट आहे!’ बरोबर. लोखंडी सळई धरणारं कॉलेट आणि हे, दोघांची जात एक.

आता खटका हळूच दाबा. नळी, क्लच, कडं आणि फाकांमध्ये पकडलेली लीड असा सगळा संसार एकदम पुढे सरकतो. अर्धा-पाऊण मिलिमीटर गेल्यावर कडं आतल्या एका पायरीवर अडतं. क्लच मात्र पुढे जातच राहतो, कड्यातून निसटतो, फाका आपल्याच ताणाने उघडतात आणि लीड सुटते. सुटते, पण खाली पडत नाही, कारण टोकाच्या नळीत एक बारीक रबरी कडं तिला अलगद धरून असतं. आता बोट उचला. स्प्रिंग क्लचला मागे नेते. फाका उघड्या असल्यामुळे लीड त्यांच्याबरोबर मागे जात नाही, रबर तिला जागेवर ठेवतं. शेवटी कडं मागच्या पायरीला टेकतं, क्लचचं निमुळतं डोकं त्यात रुततं आणि फाका मिटतात. लीड अर्धा-पाऊण मिलिमीटर पुढे आलेली असते. एक धरतो, एक सोडतो, मग दुसरा धरतो. दोरीवर चढणारा माणूस हात असेच बदलतो.

यातली खरी करामत मिटण्यात आहे. स्प्रिंग तशी किरकोळ, बोटाने सहज दबते. मग लिहिताना इतका जोर पडूनही लीड आत का घुसत नाही? कारण जोरच तिला धरतो. कागद लीडला मागे ढकलतो, लीड फाकांना मागे ओढते, फाकांचं निमुळतं डोकं कड्यात आणखी खोल रुततं आणि फाका लीडला आणखी आवळतात. तुम्ही जितके दाबाल, तितकी पकड घट्ट.

किती घट्ट, ते बघू. समजा डोक्याचा उतार ८ अंशांचा आहे. कडं आणि डोकं यांच्यातलं घर्षण तूर्त विसरू. लीडवर मागे ढकलणारा जोर भागिले ८ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे भागिले ०.१४, ही झाली आवळण्याची ताकद. म्हणजे जोराच्या सातपट. आता आवळण्याची ताकद गुणिले लीड-पितळेचा घर्षण गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात तो आकडा), हे झालं लीडला रोखणारं घर्षण. ते मागे ढकलणाऱ्या जोरापेक्षा कमी पडलं तर लीड घसरेल. समीकरण मांडलं की जोर दोन्ही बाजूंना येतो आणि कटतो! उरते एकच अट: उताराचा टॅन्जंट घर्षण गुणांकापेक्षा लहान हवा. म्हणजे लीड घसरणार की नाही, हे तुम्ही किती दाबता यावर अवलंबूनच नाही, फक्त उतारावर आणि पृष्ठभागावर अवलंबून आहे. मघाशी विसरलेलं घर्षण आता परत आणलं तर अट अशी होते की उताराचा कोन अधिक कड्याचा घर्षण कोन (ज्याचा टॅन्जंट घर्षण गुणांकाएवढा असतो तो कोन), ही बेरीज लीडच्या घर्षण कोनापेक्षा कमी हवी. म्हणजे एका बाजूला घसरगुंडी हवी आणि दुसऱ्या बाजूला खरखर. पंचाईत अशी की लीड ग्रॅफाइटची, आणि ग्रॅफाइट म्हणजे कुलपात घालायचं वंगण! म्हणून काही चांगल्या क्लचच्या फाकांना आतून बारीक आटे पाडलेले असतात. (जे इथपर्यंत आले त्यांना नमस्कार. जे दोन परिच्छेद गाळून आले त्यांनाही.)

स्वस्त पेन्सिलीत हाच क्लच प्लॅस्टिकचा असतो. काही महिन्यांत फाका आतून झिजतात, अट मोडते आणि लिहिता लिहिता लीड आत पळते. आपण म्हणतो लीड खराब आहे. म्हणून दुकानात मी पेन्सिलीचा रंग बघत नाही. दोन खटके दाबतो आणि टोक नखावर टेकवून दाबून बघतो. तसूभरही मागे गेली तर परत ट्रेमध्ये. शेवटचा सेंटिमीटरभर तुकडा नीट लिहीत का नाही, तेही आता कळेल. तो क्लचच्या तावडीतून सुटलेला असतो, नुसत्या रबराच्या भरवशावर. म्हणून गोल फिरतो, डुगडुगतो.

लीडबद्दल थोडक्यात. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिसं नाही. आजी ‘तोंडात घालू नको, विष असतं’ म्हणायची, ते त्या नावामुळे. १७७९ साली शीले या रसायनशास्त्रज्ञाने ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, हे दाखवलं. १७९५ मध्ये फ्रान्सच्या काँतेने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजली. लाकडी पेन्सिलीत आजही तेच चालतं. अर्ध्या मिलिमीटरच्या काडीला मात्र माती पुरत नाही. १९६० मध्ये जपानच्या पेन्टेलने मातीऐवजी राळेसारखा पॉलिमर वापरला. भाजल्यावर त्याचाच कार्बन होतो आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे तो सांधून धरतो. त्यानंतरच बारीक लीड सगळ्यांच्या खिशात आली. याच्याशी ‘ग्रॅफीन’चा, म्हणजे ग्रॅफाइटच्या एका अणूएवढ्या जाड थराचा, संबंध जोडून कोणी महागडी लीड विकायला आलं तर हात जोडा. पेन्सिलीची प्रत्येक रेघ ग्रॅफीनचे थरच सांडते, पाच रुपयांचीही. आणि हो, पेन्सिलीची सालं दुधात उकळून खोडरबर होत नाही, वहीतल्या मोरपिसाला ती खाऊ घालून पिल्लंही होत नाहीत. मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिल्या प्रयोगात अर्धा लिटर दूध गेलं आणि वर मार बसला. परीक्षेआधी टेकडीच्या गणपतीपुढे पेन्सिल ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण सहा खटके बाहेर काढून लिहिणाऱ्यासाठी तो तरी काय करणार?

क्लचच्या बरोबरीने मला भुरळ पाडणारी एकच गोष्ट आहे, मित्सुबिशी पेन्सिलची २००८ ची कुरु टोगा. (मोटारवाल्या मित्सुबिशीशी हिचं नातं नाही.) टोक कागदाला टेकलं आणि उचललं की आतलं दातेरी चाक लीडला ९ अंश फिरवतं. चाळीस वेळा उचललं की एक फेरी. त्यामुळे लीड एका बाजूने छिन्नीसारखी झिजत नाही, शंकूसारखी राहते. इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून, कर्सिव्ह लिहिणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही, कारण त्याचा हात उचललाच जात नाही. देवनागरीत मात्र काना, दांडी, ऊकार, शिरोरेषा, सारखी उचलाउचल! मी मोजलं. ‘नागपूर’ लिहिताना माझी पेन्सिल दहा वेळा कागदाला टेकते. चार वेळा नागपूर लिहिलं की लीडची एक प्रदक्षिणा पूर्ण.

माझी निवड सांगायची तर रोजच्या लिहिण्याला ०.७, बी (म्हणजे एचबीपेक्षा जरा मऊ आणि गडद लीड), पितळी क्लच, टोकाची नळी आत सरकणारी. टेबलावरून पडली तरी नाक वाकत नाही. मापाच्या ड्रॉइंगला ०.५, एचबी, चार मिलिमीटरची ताठ नळी, म्हणजे पट्टीला नीट टेकते. छायांकनाला यातलं काहीच नको. दोन मिलिमीटरची लीड धरणारी जाड क्लच पेन्सिल घ्यावी, नाहीतर सरळ लाकडी ४बी. भाच्याला ०.७ घेऊन दिली. दोन खटक्यांची अट घातली आहे. पाळतो असं वाटत नाही.

उघडलेली जुनी पेन्सिल मात्र परत जोडता आली नाही. स्प्रिंग उडाली, ती पडद्यात सापडली. पितळी कडं घरंगळत फ्रिजखाली गेलं ते गेलंच, झाडू घातला, पट्टी घातली, बॅटरी मारून पाहिलं. कड्याशिवाय बाकी सगळं जोडलं. खटका दाबायचीसुद्धा गरज नाही. उभी धरली की लीड रबराच्या भरवशावर क्षणभर लटकते आणि जरा टिचकी मारली की अख्खीच्या अख्खी टेबलावर. भाच्याने ती मागून घेतली आणि सोमवारी वर्गात दाखवायला नेली.