जड न्यूट्रिनो : वस्तुमानाच्या सैद्धांतिक मर्यादा

नेहमीच्या न्यूट्रिनोंचे (विद्युतभार नसलेल्या, द्रव्याशी क्वचितच परस्परक्रिया करणाऱ्या मूलकणांचे) अत्यल्प वस्तुमान उलगडण्यासाठी कल्पिलेले, अद्याप न सापडलेले मूलकण. ते दक्षिणावर्ती (उजव्या फिरकीचे) असून दुर्बल परस्परक्रियेत (किरणोत्सर्गी क्षयामागील मूलभूत बलात) थेट भाग घेत नाहीत, असे मानतात. जड जोडीदार जितका जड, तितका नेहमीचा न्यूट्रिनो हलका; म्हणून या यंत्रणेला ‘सी-सॉ’ (एक टोक खाली गेले की दुसरे वर जाणारी खेळातली फळी) म्हणतात.

तिचे जनकत्व एका नावावर टाकता येत नाही. पेटर मिंकोव्स्की यांच्या १९७७ च्या लेखात ती आहे, पण तिकडे बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७९-८० च्या सुमारास यानागिदा, गेल-मान, रामाँ व स्लान्स्की, ग्लॅशो, आणि ओडिशात जन्मलेले रवींद्रनाथ मोहपात्रा व गोरान सेन्यानोविच यांनी तीच मांडली. अग्रमान मिंकोव्स्कींकडे जातो. मात्र न्यूट्रिनोचे हलकेपण डाव्या-उजव्या सममितीच्या (डाव्या व उजव्या फिरकीच्या कणांना निसर्ग मुळात सारखेच वागवतो या कल्पनेच्या) भंगाशी जोडले ते मोहपात्रा-सेन्यानोविच यांनी.

जपानमधील सुपर-कामिओकांदे या शोधयंत्राने १९९८ मध्ये न्यूट्रिनोंची आंदोलने (एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे) दाखविल्यावर निदान एका न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा अधिक असल्याचे दिसले. मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राशी युग्मन (परस्परक्रियेची तीव्रता) १ धरल्यास जड जोडीदार सुमारे ६०० लाख कोटी जीईव्हीचा निघतो (१ जीईव्ही म्हणजे १०० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, साधारण एका प्रोटॉनाचे वस्तुमान). युग्मन साडेतीनच्या पुढे गेले तर क्षोभगणित (लहान दुरुस्त्यांची बेरीज करत उत्तर काढण्याची पद्धत) कोलमडते. म्हणून निदान एक जड न्यूट्रिनो काही हजार लाख कोटी जीईव्हीच्या आत असला पाहिजे.

खालची मर्यादा अधिक वादग्रस्त आहे. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का, याचे उत्तर फुकुगिता व यानागिदा यांनी १९८६ मध्ये जड न्यूट्रिनोंच्या क्षयात शोधले. त्यावरून साशा डेव्हिडसन व आलेखांद्रो इबारा यांनी २००२ मध्ये दाखविले, की सर्वांत हलका जड न्यूट्रिनो सुमारे १०० कोटी जीईव्हीहून कमी नसावा. उलट फ्रांचेस्को विस्सानी यांच्या १९९८ च्या युक्तिवादानुसार, हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील जड न्यूट्रिनोमुळे होणारी दुरुस्ती आटोक्यात राहण्यासाठी तो साधारण १ कोटी जीईव्हीच्या आत हवा. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. विस्सानींची मर्यादा नैसर्गिकतेच्या (मोठ्या संख्या एकमेकींना नेमक्या खोडून काढाव्या लागू नयेत या) अपेक्षेवर उभी आहे, ती मोडल्याने गणितात विसंगती येत नाही. त्यामुळे डेव्हिडसन-इबारा मर्यादेचे वजन अधिक. तीही निरपवाद नाही : जड न्यूट्रिनोंची वस्तुमाने एकमेकांपासून बरीच दूर असावीत, हे तिचे गृहीतक. ती जवळजवळ सारखी असल्यास अनुस्पंदनाने (वस्तुमाने जुळल्यामुळे परिणाम पुष्कळ वाढल्याने) मर्यादा पुष्कळ खाली येते. आसाका व शापोश्निकोव्ह यांच्या २००५ च्या प्रतिकृतीत दोन जड न्यूट्रिनो हिग्जहूनही हलके चालतात.

साधारण ०.१ जीईव्हीखालचे जड न्यूट्रिनो आद्य विश्वातील हेलियमनिर्मितीत अडथळा आणतात. काही जीईव्हीच्या पट्ट्यातील शोधासाठी जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत ‘शिप’ प्रयोग आखण्यात आला आहे.