सुखोईच्या इंजिनाला एवढा पैसा का लागतो?

पुण्यात लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरून सुखोई हे लढाऊ विमान उडालं की धानोरी, कळस, विमाननगरमध्ये बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो. ते विमान एएल-३१एफपी जातीच्या दोन इंजिनांवर उडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशी २४० इंजिनं घेण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी म्हणजे एचएएलशी करार केला. रक्कम होती २६,००० कोटी रुपयांहून अधिक. ढोबळ भागाकार केला तर एका इंजिनामागे सुमारे १०८ कोटी येतात, आणि इंजिनाचं वजन असतं दीड टनाच्या आसपास.

ही इंजिनं मुख्यतः आहेत त्याच विमानांसाठी आहेत. सुखोईचा सांगाडा जितके तास टिकतो, त्याच्या निम्मेही तास त्याचं इंजिन टिकत नाही. म्हणून एका सुखोईला आयुष्यभरात इंजिनांच्या अनेक जोड्या लागतात. विमान एकदा घेतलं की इंजिनाचा खर्च पुढची तीस-चाळीस वर्षं येतच राहतो.

हा पैसा जातो कुठे, ते टर्बाइनच्या, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चक्राच्या, एका पात्यावरून नीट कळतं. पातं तळहातावर मावेल एवढंच असतं. आजच्या आधुनिक लढाऊ इंजिनांत ज्वलनकक्षातून त्याच्यावर येणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसच्या वर असतो, आणि पातं ज्या निकेल-मिश्रधातूचं असतं तो १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान वितळायला लागतो. शिवाय मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरताना काहीशे ग्रॅमच्या या पात्याला केंद्रापासून बाहेर खेचणारं बल अनेक टनांचं असतं. या दोन्ही माऱ्यांत त्याने शेकडो तास आपली लांबी बदलू द्यायची नाही.

साधा ओतलेला धातू इथे हरतो. तो असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. जुन्या वाड्याच्या भिंतीत दगड शाबूत राहतात आणि सांधे सरकतात, तसं तापलेल्या धातूत स्फटिकांच्या सीमांवरून सरकणं सुरू होतं आणि पातं हळूहळू लांबतं. उपाय एकच, सीमाच ठेवायच्या नाहीत. सगळं पातं एकाच स्फटिकाचं घडवायचं.

त्यासाठी आधी मेणाचं पातं बनवतात. त्याच्या पोटात, पातं वितळू नये म्हणून आतून खेळवायच्या थंड हवेच्या वाटांच्या आकाराचा सिरॅमिकचा गाभा असतो. बाहेरून सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि निर्वात भट्टीत त्या साच्यात धातू ओततात. मग साचा भट्टीच्या उष्ण भागातून मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्या संथपणे खाली उतरवतात. धातू तळाकडून थिजत जातो. साच्याच्या बुडाशी एक बारीक नागमोडी वाट असते. तिच्यातून एकच स्फटिक वर पोचतो आणि तोच शेंड्यापर्यंत वाढतो. नंतर आतला गाभा अल्कलीत विरघळवतात, मिलिमीटरहून बारीक भोकं पाडतात, वर झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप देतात आणि क्ष-किरणांनी स्फटिकाची दिशा तपासतात. कुठे दुसरा स्फटिक उगवलेला दिसला, तर पातं बाद. त्या मिश्रधातूत काही टक्के ऱ्हेनियमही असतं. हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात अब्जात एखादा भाग एवढंच आढळतं, आणि मिळतं ते प्रामुख्याने तांब्याच्या खाणींतल्या मॉलिब्डेनमचं उपउत्पादन म्हणून.

तरीही मला वाटतं, धातू आणि भट्टी हा खर्चाचा लहान भाग आहे. हे पुण्याइतकं लवकर दुसऱ्या कुठल्या शहराला पटू नये. मुंढव्याला भारत फोर्ज आहे. चाकणजवळ जीईचा कारखाना २०१५ पासून आहे आणि तिथे जेट इंजिनांचे भाग बनतात. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं आहेत. ट्रकचा क्रँकशाफ्ट आणि जेट इंजिनात पाती जिच्यावर बसवतात ती डिस्क दोन्ही फोर्जिंगनेच, म्हणजे तापवलेला धातू दाबून, घडतात. पण पातं तुटलं तर इंजिनाचं बाहेरचं कवच त्याला अडवू शकतं. डिस्क फुटली तर तिचे तुकडे कवच फाडून बाहेर पडतात. म्हणून डिस्कच्या प्रत्येक नगामागे धातूची हीट म्हणजे ओत कोणती, भट्टीत किती वेळ होता, तपासणीत काय दिसलं याची नोंद जन्मभर ठेवावी लागते. प्रक्रियेतली एक पायरी बदलली तर पुन्हा मान्यता घ्यावी लागते. गिऱ्हाईक नगाबरोबर खात्रीचे पैसे देत असतं.

आणि नकाशाप्रमाणे डिस्क घडवणं वेगळं, त्या नकाशातली प्रत्येक जाडी तेवढीच का, हे माहीत असणं वेगळं. ते माहीत होतं इंजिनं मोडून. शेकडो तास पूर्ण ताकदीवर चालवायचं, उघडायचं, भेगा शोधायच्या, बदल करायचा, पुन्हा चालवायचं. कवच थोपवतं का हे पाहायला मुद्दाम पातं तोडायचं. डिस्क ठरलेल्या वेगाच्या पुढे फिरवायची. पक्षी आणि बर्फ आत सोडायचे. मग मोठ्या कक्षात दहा-बारा किलोमीटर उंचीवरची विरळ, थंड हवा तयार करून त्यात इंजिन चालवायचं, आणि शेवटी चार इंजिनांच्या विमानाला लटकवून आकाशात. तेजस या आपल्या लढाऊ विमानासाठी करायला घेतलेल्या कावेरी इंजिनाच्या उंचीवरच्या आणि हवेतल्या चाचण्यांसाठी आपल्याला रशियात जावं लागलं. तिथे २०१० मध्ये ते इल्युशिन-७६ विमानाला जोडून उडवलं गेलं.

कावेरीबद्दल ‘पैसे बुडाले’ हे वाक्य पुण्यातही नेहमी ऐकू येतं, आणि ते मला पटत नाही. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेला हा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, सुमारे ३८३ कोटींचा, १९९६ पर्यंत पुरा करायचा. ८१ किलोन्यूटन ढकलशक्ती हवी होती, प्रत्यक्षात ७० च्या आसपास मिळाली, वजन जास्त भरलं आणि २००८ मध्ये तेजसशी असलेला त्याचा संबंध तोडण्यात आला. पण या सगळ्या काळात खर्च झाला तो दोन हजार कोटींच्या घरात. त्यात नऊ पूर्ण इंजिनं, चार गाभे (काँप्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन एवढाच इंजिनाचा मधला भाग) आणि तीन हजारांहून अधिक तासांच्या चाचण्या. अमेरिकी हवाई दलाने पुढच्या पिढीच्या इंजिनासाठी २०२५ च्या जानेवारीत जीई आणि प्रॅट अँड व्हिटनी या दोन कंपन्यांची करारमर्यादा प्रत्येकी साडेतीन अब्ज डॉलर केली. रुपयांत प्रत्येकी तीस हजार कोटींच्या आसपास, आणि ते नमुना-इंजिनाच्या टप्प्यासाठी. आठ दशकं इंजिनं बनवणाऱ्या देशाला एवढे लागतात. आपण आपलं इंजिन त्याच्या अंशावर करायला निघालो होतो.

त्याआधीही हे घडलं होतं. १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं मरुत हे विमान ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनासाठी आखलं होतं, त्याच्या विकासाचा खर्च उचलायला आपण नकार दिला. मरुत कमी ताकदीच्या इंजिनावर उडत राहिलं आणि स्वनातीत वेगाचं स्वप्न राहून गेलं.

विकासखर्च अंगावर घ्यायचा तर तो वाटून घ्यायला पुष्कळ इंजिनं लागतात. दहा हजार कोटी पाचशे इंजिनांवर वाटले तर नगामागे वीस कोटी, पाच हजारांवर वाटले तर दोन. बी-१ बॉम्बरसाठी अमेरिकी सरकारच्या पैशांतून झालेल्या एफ-१०१ इंजिनाचा गाभा घेऊन जीई आणि फ्रेंच स्नेक्मा यांनी सीएफएम-५६ हे प्रवासी विमानांचं इंजिन केलं. लष्करी गुपित बाहेर जाईल म्हणून आधी अमेरिकेने परवानगी नाकारली होती. १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांच्या आइसलँडमधल्या रेक्याविकच्या भेटीत मार्ग निघाला. जीईने सरकारला आठ कोटी डॉलर परत द्यायचे ठरले, अपेक्षित इंजिनांच्या संख्येवर नगामागे वीस हजार डॉलर या हिशेबाने. पुढे ही इंजिनं तीस हजारांहून जास्त बनली.

आता आपल्या एएमसीए या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्राँबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन विकसित करायचं ठरलं आहे. स्नेक्मा ही कंपनी आता साफ्राँमध्येच आहे. खर्चाचा ६१,००० कोटींचा अंदाज वर्तमानपत्रांतून आला. तीनशे इंजिनं बनली तर निव्वळ विकासाचेच नगामागे दोनशे कोटी, हजार बनली तर एकसष्ट. विमानं किती लागतील हे हवाई दल ठरवेल. पण त्याच गाभ्यावर युद्धनौकेचं टर्बाइन आणि वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाचं इंजिन करायचं का, हे आराखडा कागदावर असतानाच ठरवावं लागेल. कावेरीपासून जहाजासाठी टर्बाइन करून पाहिलं गेलं आहे, आणि तिचं आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून ताकद वाढवणारा भाग) नसलेलं रूप मानवरहित लढाऊ विमानासाठी आजही विकसित होत आहे.